अमीर अमानुल्ला आणि मुल्लांची सत्ता

१९२७ सालच्या डिसेंबर महिन्यांत अफगाणिस्तानचा राजा अमानुल्ला मुंबई बंदरांतून युरोपच्या प्रवासास निघाला, तेव्हां मुंबईनें त्याचें मोठ्या थाटानें स्वागत केलें. इंग्रजांशीं झुंजून ज्यानें आपल्या देशास स्वतंत्र केलें, तो तरुण राजा डोळ्यांनीं पाहावा अशी उत्कंठा सर्वांस होती. पुढें दीड वर्षानें, १९२९ च्या उन्हाळ्यांत, तोच राजा पुन्हां मुंबईस आला. परंतु आतां त्याला सिंहासन नव्हतें व मायदेशींहि थारा उरला नव्हता. त्या मुक्कामांत राणी सुरैया हिला कन्या झाली, तिचें नांव ‘इंडिया’ ठेवण्यांत आलें, आणि लवकरच तें कुटुंब इटलीकडे निघून गेलें. या दोन प्रवासांच्या मध्यें काबूलचें राज्य कसें बुडालें, ही कथा बोधप्रद आहे.

अफगाणिस्तानांतील मुल्ला हा केवळ नमाज पढविणारा मनुष्य नव्हता. गांवची शाळा तोच चालवी. निकाह तोच लावी. वारसाचे तंटे त्याच्या किंवा काजीच्या निवाड्यानेंच मिटत. राजाचा अंमलदार खेड्यांत वर्षांतून एकदां कर वसूल करण्यास येई. मुल्ला मात्र बारा महिने शेजारीं असे. अमीर अब्दुर रहमान यानें १८८० ते १९०१ या आपल्या कारकीर्दींत मुल्लांच्या परीक्षा घेतल्या आणि धर्मादाय उत्पन्नें सरकारांत जमा केलीं. तें त्याला साधलें, कारण त्याच्या पाठीशीं मोठी फौज होती आणि त्याच्या क्रौर्याचा धाक डोंगरापलीकडील टोळ्यांपर्यंत पोंचलेला होता.

त्याचा नातू अमानुल्ला १९१९ च्या फेब्रुवारींत, पित्याचा खून झाल्यानंतर, गादीवर आला. मे महिन्यांत त्यानें इंग्रजांविरुद्ध युद्ध पुकारलें, आणि ऑगस्टमधील रावळपिंडीच्या तहानें देशाचें स्वातंत्र्य मान्य झालें. या युद्धांत धर्मगुरूंनीं त्याला मनापासून साथ दिली. काबूलच्या शोरबाजारांतील हजरतांचें घराणें त्यांत अग्रभागीं होतें, आणि राजानें त्यांस मोठमोठ्या पदव्या देऊन गौरविलें. गादीला धर्माचा आधार मिळाला खरा. पण ज्याचा आधार घेतला त्याचें ऋण राहतें, हें तरुण राजा लवकरच विसरला.

१९२१ मध्यें काबूल येथें मुलींची पहिली सरकारी शाळा निघाली. बालविवाहास बंदी करणारा कायदाहि त्याच सुमारास झाला. १९२३ मध्यें राज्यघटना जाहीर झाली व गुलामगिरी नष्ट करण्यांत आली. शिक्षेचे नियम लेखी झाल्यामुळें काजीचें स्वातंत्र्य आखडलें. हे कायदे बहुतेक हितकारकच होते. परंतु शाळा, विवाह आणि न्याय हीं तिन्ही मुल्लाचीं क्षेत्रें होतीं. त्यांतच त्याचा मान होता आणि पोटहि होतें. मुल्लाला हा धर्मावरील घाला वाटला. तो त्याच्या चुलीवरील घालाहि होता.

१९२४ मध्यें खोस्त प्रांतांत बंड उठलें. ‘लंगडा मुल्ला’ या नांवानें प्रसिद्ध असलेला मुल्ला अब्दुल्ला त्याचा पुढारी होता. एका हातांत कुराण व दुसऱ्या हातांत नवा कायदा धरून, यांपैकीं कोणतें हवें, असें तो लोकांस विचारी, असें सांगतात. राजानें पघमान येथें मोठी सभा भरवून कित्येक सुधारणा मागें घेतल्या. मग बंड मोडलें, आणि १९२५ मध्यें मुल्लास देहांत शासन झालें. त्यावरून राजानें विजय मिळाला एवढेंच ध्यानीं धरलें. तो विजय माघार घेतल्यावर मिळाला होता, याचा त्याला विसर पडला.

१९२८ च्या उन्हाळ्यांत युरोप, तुर्कस्तान आणि इराण पाहून राजा परतला, तो घाई मनांत घेऊनच. पघमानच्या सभेस आलेल्या टोळीवाल्या सरदारांस त्यानें काळे विलायती पोषाख चढविण्यास लावलें. राणीनें भर सभेंत बुरखा दूर केला. कांहीं मुली शिक्षणासाठीं तुर्कस्तानास रवाना झाल्या. मुल्लांनीं सरकारी परवाना घेतला पाहिजे असें ठरलें. साप्ताहिक सुटीहि शुक्रवारची गुरुवारवर गेली. हजरत घराण्यांतील मंडळींनीं सुमारें ४०० धर्मगुरूंच्या सह्यांचें निषेधपत्र तयार केलें, तेव्हां राजानें त्यांस कैदेंत टाकलें.

एवढें करणाऱ्याच्या हातीं निदान सैन्य तरी भक्कम हवें होतें. परंतु सैनिक अर्धपोटी व असंतुष्ट होते, आणि शेतकरी रोख कराच्या भारानें गांजलेला होता. नोव्हेंबरांत पूर्वेकडील शिनवारी टोळी उठली. डिसेंबरांत उत्तरेकडून ‘बच्चा-इ-सक्काव’, म्हणजे भिस्त्याचा पोर, या नांवानें ओळखला जाणारा हबीबुल्ला काबूलवर चालून आला. जानेवारींत राजानें सर्व कांहीं मागें घेतलें: मुलींच्या शाळा बंद, तुर्कस्तानांतील मुली परत, मुल्लांचे परवाने रद्द. पण उशीर झाला होता. १४ जानेवारी १९२९ रोजीं त्यानें वडील भाऊ इनायतुल्ला यास गादी दिली. ती तीन दिवस टिकली, आणि भिस्त्याचा पोर तख्तावर बसला.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत नादिरखानानें काबूल घेतलें. तो सावध होता. हजरत घराण्यांतील पुरुषास त्यानें न्यायमंत्री केलें, आणि १९३१ च्या घटनेंत हनफी पंथाच्या धर्मशास्त्रास मानाचें स्थान दिलें. तीस वर्षें राजा व मुल्ला एकमेकांस सांभाळून राहिले. १९५९ मध्यें, जाहीरशहाच्या कारकीर्दींत, राजघराण्यांतील स्त्रिया उत्सवाच्या दिवशीं बुरख्यावांचून लोकांसमोर आल्या. मुल्लांनीं विरोध केला. पंतप्रधान दाऊदखानानें त्यांस, कुराणांत आधार दाखवा, असें आव्हान दिलें, आणि जे गप्प बसले नाहींत त्यांस तुरुंगांत धाडलें. या वेळीं कोणावरहि सक्ती नव्हती, आणि सरकारच्या हातीं नवीं शस्त्रें मिळालेली फौज होती. राज्य हाललें नाहीं. राजेशाही गेली ती १९७३ मध्यें, आणि तीहि मुल्लांमुळें नव्हे, तर त्याच दाऊदखानाच्या हातून.

अमानुल्ला १९६० मध्यें परदेशींच वारला. त्याचा देह मात्र जलालाबादेस, पित्याच्या कबरीजवळ विसावला. त्याचे हेतू वाईट होते असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्यांच्या हातून एखादें काम काढून घ्यावयाचें, त्यांच्या जागीं तें काम करणारा दुसरा आधीं उभा करावा लागतो. मुल्लाची शाळा निरुपयोगी ठरविण्यापूर्वीं गांवांत दुसरी शाळा हवी, काजीचा अधिकार आखडण्यापूर्वीं लोकांस जवळ वाटेल असा न्यायाधीश हवा. तसें न झाल्यामुळें राजानें टोपी बदलली, पण गांव बदललें नाहीं. त्याची झळ सर्वांत आधीं पोंचली ती तुर्कस्तानांतून परत बोलाविलेल्या मुलींस. २०२१ मध्यें सत्ता तालिबानच्या मुल्लांकडे गेल्यावर सहावीपुढील शाळा मुलींस पुन्हां बंद झाल्या, यावरून ही कथा निव्वळ जुनी नाहीं, हें कळून येतें.