सात वर्षं म्हणजे सात वर्षंच

जुने हॉलिवुडपट पाहायला लागले तेव्हा मला वाटायचं, हे स्टार म्हणजे तिथले राजे-राण्या. 'गॉन विथ द विंड' (१९३९) मधली सोशिक मेलनी मला फार आवडली. ती साकारणाऱ्या ऑलिव्हिया डी हॅव्हिलँडबद्दल वाचत गेले आणि कळलं, ही राणी खरं तर पगारी नोकर होती. आणि सोशिक तर मुळीच नव्हती.

तेव्हा स्टुडिओ नटनट्यांना साधारण सात वर्षांच्या करारात बांधत. कुठला सिनेमा करायचा हे स्टुडिओ ठरवणार, हवं तर दुसऱ्या निर्मात्याला उसनं देणार. मेलनीसुद्धा ऑलिव्हियाने अशीच केली, वॉर्नर ब्रदर्सने तिला सेल्झनिककडे उसनं दिलं म्हणून. भूमिका नाकारली तर निलंबन. तेवढे दिवस पगार बंद आणि तेवढेच दिवस कराराच्या शेवटी वाढणार. म्हणजे जितक्या वेळा 'नाही' म्हणाल, तितकी सुटका लांब.

एवढी बंधनं का? कारण तिकीट खपायचं ते चेहऱ्यावर. एका स्टारच्या सिनेमासोबत थिएटरांच्या गळ्यात बाकीचे सामान्य सिनेमेही मारले जायचे. अख्खा धंदा ज्या चेहऱ्यावर उभा, तो मोकळा सोडणार कसा?

१९३६ साली बेटी डेव्हिस हे सगळं झुगारून इंग्लंडला गेली. वॉर्नरने तिला लंडनच्या कोर्टात खेचलं. ती हरली आणि मुकाट परतली.

ऑलिव्हियाची सात वर्षं १९४३ साली संपली. स्टुडिओ म्हणाला, निलंबनाचे महिने अजून बाकी आहेत. ती कोर्टात गेली. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यानुसार कुणालाही सात वर्षांपलीकडे कामाला बांधून ठेवता येत नव्हतं. स्टुडिओचं म्हणणं, सात वर्षं म्हणजे प्रत्यक्ष कामाची. कोर्ट म्हणालं, नाही, कॅलेंडरची. डिसेंबर १९४४ मध्ये अपील कोर्टानेही तिच्याच बाजूने निकाल दिला. दरम्यान जॅक वॉर्नरने इतर स्टुडिओंना तिला काम न देण्याविषयी कळवलं होतं. जवळपास दोन वर्षं ती कॅमेऱ्यासमोर नव्हती. परतली, आणि 'टू ईच हिज ओन' (१९४६) साठी ऑस्कर मिळवलं.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की तो कायदा स्टारसाठी नव्हताच. तो कुठल्याही कामगारासाठी होता. पडद्यावरची राणी जिंकली, ती 'मीही कामगारच आहे' असं म्हणून.

पुढे १९४८ साली सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे बड्या स्टुडिओंना आपली थिएटरं सोडावी लागली. १९५० च्या 'विंचेस्टर ७३' साठी जेम्स स्टुअर्टने ठरावीक मानधनाऐवजी नफ्यात वाटा घेतला. ज्या चेहऱ्यांवर स्टुडिओ उभे राहिले, ते आता आपली किंमत स्वतः ठरवू लागले होते.

ऑलिव्हिया २०२० साली, १०४ व्या वर्षी गेली. सात वर्षांचा तो नियम कॅलिफोर्नियात आजही तिच्याच नावाने ओळखला जातो. मेलनी मला अजूनही आवडते. फक्त आता ती पडद्यावर खाली मान घालून हसली, की मला कोर्टात ताठ बसलेली ऑलिव्हिया दिसते.