गिम्लेट आणि लिंबांची गल्लत

लिंबू म्हटले की तुमच्याआमच्या डोळ्यांपुढे एकच फळ उभे राहते: पातळ सालीचे, रसाळ, भाजीवालीच्या टोपलीतले कागदी लिंबू. इंग्रजीत मात्र शब्द दोन आहेत. आपल्या कागदी लिंबाला ‘लाइम’ म्हणतात, आणि भूमध्य समुद्राच्या काठच्या मोठ्या, पिवळ्या, जाड सालीच्या फळाला ‘लेमन’. आता गंमत बघा. दोन शब्द हाताशी असूनही इंग्रज दर्यावर्द्यांनी या दोन फळांची गल्लत केली आणि ती त्यांना फार महागात पडली. त्या काळाची एक गोड आठवण आजही पेल्यात शिल्लक आहे. तिचे नाव गिम्लेट. म्हणजे जिन आणि लाइमचा गोड केलेला रस.

पूर्वीच्या लांबच्या जलप्रवासात तोफेपेक्षा स्कर्व्ही या रोगाची धास्ती मोठी. हिरड्या सुजून रक्त येई, दात हलत, भरून आलेल्या जखमा पुन्हा उघडत. १७४० ते १७४४ या काळात कमोडोर अ‍ॅन्सन यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. तीत हजारावर माणसे दगावली, आणि त्यांतील बहुतेक रोगाने.

१७४७ साली जेम्स लिंड या नौदलाच्या सर्जनने ‘सॅलिसबरी’ जहाजावर बारा रोगी घेऊन त्यांच्या सहा जोड्या केल्या. कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचे पाणी, कोणाला सफरचंदाची आंबवलेली दारू दिली. एका जोडीला रोज दोन संत्री व एक लेमन. सहा दिवसांत फळे संपली. पण तेवढ्यात त्या दोघांपैकी एकजण कामावर हजर होण्याजोगा झाला! लिंड यांनी हे १७५३ साली ग्रंथरूपाने मांडले. तरी नौदलाने सर्रास लेमनचा रस द्यायला १७९५ साल उजाडावे लागले. त्यानंतर नौदलातून स्कर्व्ही जवळजवळ हटली.

इथवर सारे ठीक. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर नौदलाने भूमध्य समुद्राकडचे लेमन सोडून वेस्ट इंडीजमधल्या आपल्याच वसाहतींतले लाइम घेण्यास सुरुवात केली. दोन्ही आंबट, दोन्हींची नावे सैलपणे वापरली जात. मग फरक तो काय, असे वाटले. १८६७ साली व्यापारी जहाजांवरही असा रस देणे कायद्याने बंधनकारक झाले. त्याच साली स्कॉटलंडमधील लीथ बंदराच्या लॉकलन रोझ यांनी दारू न घालता, साखरेच्या साह्याने लाइमचा रस टिकवण्याचे पेटंट घेतले. हाच तो ‘लाइम कॉर्डियल’. खलाशांना रम मिळे, अधिकारी जिन पीत. जिनमध्ये हा रस पडला आणि गिम्लेट तयार झाले. गिम्लेट म्हणजे खरे तर सुताराचे गिरमिट. गिम्लेट नावाच्या नौदलाच्या डॉक्टरांनी ही युक्ती काढली असेही सांगतात; पण ती दंतकथाच समजावी.

पेय चवीला झकास, पण औषध म्हणून हा रस दुबळा होता. तो दुबळेपणा कळला नाही, कारण आगबोटींमुळे प्रवास आखूड झाला होता आणि वाटेत ताजे अन्न मिळत होते. १८७५ साली कॅप्टन नेअर्स यांची दोन जहाजे उत्तर ध्रुवाकडे गेली तेव्हा पितळ उघडे पडले. हिवाळाभर लाइमचा रस घेतलेली माणसे बर्फगाड्या ओढायला निघाली आणि थोड्याच आठवड्यांत स्कर्व्हीने कोसळली. मग पुष्कळ डॉक्टरांचा फळाच्या रसावरूनच विश्वास उडाला. लिंड यांनी प्रयोगाने मिळवलेले ज्ञान एका नावाच्या घोटाळ्याने पुसट झाले! १९१८ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले की, ताज्या लाइमची रोगनाशक शक्ती लेमनच्या सुमारे चौथा हिस्साच आहे. टिकवलेल्या रसात तर ती जवळजवळ नाहीच. पुढे १९३२ साली या शक्तीची ओळख पटली. तेच क जीवनसत्त्व.

हे पेय घरी करणे अवघड नाही. मात्र महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आहे, तेव्हा परवाना हवा, बरे का. चार-पाच कागदी लिंबांची हिरवी साल पातळ किसून वाटीभर साखरेत चोळावी. तासा-दोन तासांनी सालीचे तेल साखरेत उतरते. मग त्याच लिंबांचा रस घालून साखर विरघळेपर्यंत ढवळावे आणि गाळून घ्यावे. १९३० साली छापलेल्या लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या पुस्तकात निम्मी जिन व निम्मा कॉर्डियल असे प्रमाण आहे. आजच्या जिभेला दोन भाग जिन व एक भाग रस पुरतो. बर्फ घालून चांगले हलवले की झाले. जिन नको असेल तर त्याच रसात थंड पाणी घाला. सरबत तयार!

पेला हाती घ्याल तेव्हा एवढे ध्यानात असू द्या. लिंड यांना जे दिसले ते त्या फळाच्या अंगी होते, त्याच्या नावात नव्हते. वस्तू बदलली आणि नाव तेच राहिले, तर जुना अनुभव नव्या वस्तूला लागू पडतोच असे नाही. तो पुन्हा पारखून घ्यावा लागतो.