अस्थिसुषिरता
अस्थिसुषिरता : हाडांची घनता व अंतर्रचना क्षीण होऊन किरकोळ आघातानेही अस्थिभंग होऊ शकणारा विकार. ऋतुनिवृत्तीनंतरच्या इस्ट्रोजेन-न्यूनतेशी त्याचा संबंध फुलर ऑलब्राइट यांनी 1941 मध्ये दाखवला (पहा : ऋतुनिवृत्ती). बहुधा पूर्वलक्षणे नसतात. उंची घटणे, पोक येणे, मनगट, मणका वा खुब्याचे हाड मोडणे ही चिन्हे आढळतात.

निदान : डेक्सा (क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणाऱ्या) तपासणीत टी-अंक (निरोगी तरुण प्रौढांच्या सरासरी घनतेशी तुलना दर्शवणारा अंक) उणे 2.5 किंवा त्याहून कमी (जागतिक आरोग्य संघटना, 1994). डेक्सा सहज उपलब्ध नसलेल्या तालुक्याच्या ठिकाणी प्राथमिक छाननीस आशियाई स्त्रियांसाठीचे साधे सूत्र उपयोगी पडते : किलोग्रॅममधील वजनातून वर्षांतील वय वजा करून 0.2 ने गुणावे. उत्तर उणे 4 पेक्षा कमी आल्यास जोखीम मोठी. संभाव्य कारणे म्हणून ड-जीवनसत्त्वाची कमतरता, अवटु-विकार व स्टेरॉइडसेवन तपासतात.

उपचार : हाडांची झीज रोखणारे ॲलेन्ड्रोनेट 70 मिग्रॅ. आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवे होऊ नये. मूत्रपिंडविकार तीव्र असल्यास हे औषध टाळतात. व्यायाम, तंबाखूत्याग व पुरेसे कॅल्शियम आवश्यक. 100 ग्रॅम नाचणीत ते सुमारे 350 मिग्रॅ. असते (पहा : नाचणी).

महत्त्व : पहिल्या अस्थिभंगानंतर उपचार सुरू केल्यास पुढील अस्थिभंगांची जोखीम घटते (पहा : अस्थिभंग).