पॉइंटपासून कॉईलपर्यंत: चेनसॉच्या ठिणगीची गोष्ट

वळवाच्या वाऱ्यात बांधावरची सावर राबाच्या जागेवर आडवी झाली. मृग तोंडावर, राब भाजायचा राहिलेला, आणि चेनसॉ काही चालू होईना. दोरी ओढून खांदा आला. एका ठिकाणी दाखवली तर "कॉईल गेली, नवी टाका". पैसे द्यायच्या आधी म्हटलं, ही ठिणगी येते कुठून ते तरी बघू.

ठिणगीचं गाव जर्मनीतलं स्टुटगार्ट. तिथं रॉबर्ट बॉशनं १८८७ मध्ये इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला. १९०२ मध्ये त्याच्याच कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्डनं जास्त दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला स्पार्क प्लग आणला. बॅटरीची गरजच नाही. त्याच गावात आंद्रेआस श्टीलनं १९२६ मध्ये विजेवरची करवत केली, १९२९ मध्ये पेट्रोलवरची. ती दोघांनी धरायची. त्या काळात आमच्या जव्हार संस्थानात माणसं कूपावर कुऱ्हाड चालवत होती, आणि संस्थान १९४८ ला विलीन झालं तरी पुढं कित्येक वर्षं तेच चाललं.

बॉशशी आपली ओळख मायको प्लगमुळं. १९५१ मध्ये बंगळूरला मायको उभी राहिली. १९७२ ला लुना आली, त्या काळच्या गाड्यांत पॉइंट असायचे. चाकातला मॅग्नेट कॉईलसमोरून गेला की करंट तयार होतो, पॉइंट उघडला की तो तुटतो, आणि तुटताना ठिणगी पडते. पॉइंट काळे पडले की पॉलिश पेपर मारायचा. हे काम आमच्या पिढीच्या हाताला पाठ होतं. पुढं १९६०-७० च्या दशकात चेनसॉत पॉइंटची जागा इलेक्ट्रॉनिक सर्किटनं घेतली. घासायला काही उरलं नाही, आणि बघायची सवयही गेली. म्हणून आता सगळा दोष कॉईलच्या माथी.

कॉईल उघडत नाही हे खरं, पण तिच्याभोवती बरंच बघण्यासारखं असतं. प्लग काढून सुकवला, फट साधारण ०.५ मि.मी. ठेवली. पावसाळ्यात पडवीत पडून मॅग्नेटवर गंज चढला होता, तो पुसला. कॉईल आणि मॅग्नेटमधलं अंतर माझ्या मशीनला ०.३ मि.मी. हवं (तुमच्या पुस्तकात बघा). मध्ये जाडसर व्हिजिटिंग कार्ड धरून स्क्रू आवळले. तरी ठिणगी नाही!

मग बंद करायच्या बटणाची वायर कॉईलपासून सोडवली. बटण दाबलं की हीच वायर करंट बॉडीत उतरवते, म्हणून इंजिन थांबतं. पेट्रोल लांब ठेवून, प्लग सिलिंडरला टेकवून दोरी ओढली, तर निळी ठिणगी. वायर टाकीजवळ घासून सोलली होती, बॉडीला लागत होती. टेप गुंडाळून बांधली आणि परत जोडली. वायर जोडल्याशिवाय मात्र मशीन चालवू नका, थांबवता येणार नाही. कधी अडलंच तर चोक ओढा.

तिसऱ्या ओढीला चालू झाली. संध्याकाळपर्यंत सावर तुकडे होऊन बांधाला लागली, दुसऱ्या दिवशी राब भाजला.