प्रोप्लेबिया डोमिनिकाना

डोमिनिकन प्रजासत्ताकातील अंबरात जीवाश्मरूपाने आढळणारी, डंखरहित मधमाश्यांची एक नामशेष जाती. विले व चँडलर यांनी १९६४ मध्ये ट्रायगोना या प्रजातीत समावेश करून तिचे प्रथम वर्णन केले. प्रोप्लेबिया ही स्वतंत्र प्रजाती मिचनर यांनी पुढे स्थापन केली. माशीची लांबी जेमतेम ३–४ मिमी. भरते.

हे अंबर हायमेनिया प्रोटेरा या शिंबावंत कुलातील नामशेष वृक्षाच्या राळेपासून मायोसीन काळात, सुमारे १·५ ते २ कोटी वर्षांपूर्वी बनले. त्यातील कीटकांत ही जाती विपुल आहे. घरटे बांधताना मेणात मिसळण्यासाठी लागणारी राळ गोळा करण्यास कामकरी माश्या झाडाच्या जखमेपाशी येत आणि तेथेच रुतून बसत. साहजिकच बहुतेक नमुने कामकरी माश्यांचे आहेत, नर क्वचितच सापडतात. काहींच्या मागील पायांवर राळेचे गोळेही टिकून आहेत.

या माशीची ख्याती मात्र वेगळ्याच कारणाने पसरली. १९९२ मध्ये कॅनो, पॉइनर व सहकाऱ्यांनी तिच्यातून डीएनए मिळविल्याचे जाहीर केले. १९९५ मध्ये कॅनो व बोरुकी यांनी तिच्या उदरातील सूक्ष्मजंतूंची बीजुके पुन्हा जिवंत केल्याचा दावा केला. अंबराचे वय त्या वेळी २·५ ते ४ कोटी वर्षे मानले जाई. ज्युरासिक पार्क (१९९३) या चित्रपटामुळे अशा दाव्यांना वाजवीपेक्षा अधिक श्रोते लाभले. १९९७ मध्ये वॉल्डेन व रॉबर्टसन यांना, तसेच लंडनमधील संशोधकांना, अंबरातील कीटकांपासून तसा डीएनए मिळविता आला नाही. आधुनिक डीएनएची भेसळ हेच अधिक संभाव्य कारण ठरले. २०१३ मध्ये तर कोलंबियातील कोपल या तुलनेने ताज्या राळेतील, सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या डंखरहित माश्यांतही प्राचीन डीएनएचा खात्रीलायक पुरावा आढळला नाही.

खरी भर पडली ती साध्या निरीक्षणाने. २००७ मध्ये रामीरेस व सहकाऱ्यांनी एका कामकरी माशीच्या वक्षाच्या पाठीवर चिकटलेला ऑर्किडाचा परागपुंज वर्णिला व त्या ऑर्किडाला मेलिऑर्किस कॅरिबिया हे नाव दिले. तोवर ऑर्किडांचा निःसंदिग्ध जीवाश्म उपलब्ध नव्हता. फुलाची एकही पाकळी हाती नसताना केवळ परागपुंजाच्या रचनेवरून त्याचे वर्गीकरण करता आले. त्याच्या वयाचा आधार घेऊन आजच्या सर्व ऑर्किडांचा सामाईक पूर्वज उत्तर क्रिटेशस काळात, म्हणजे ७·६ ते ८·४ कोटी वर्षांपूर्वी, होऊन गेला असावा, असे अनुमान काढण्यात आले.