बुचाची खोली आणि मृदु पियानो

पॅरिसमधील बूलव्हार ओस्मान या गजबजलेल्या रस्त्यावर, १०२ क्रमांकाच्या घरांत, १९१० सालीं एका शयनगृहाच्या भिंती बुचाच्या तक्त्यांनीं मढविण्यांत आल्या. तेथें राहणारे कादंबरीकार मार्सेल प्रूस्त दम्यानें जर्जर झाले होते. ते दिवसा निजत, रात्रीं लिहीत आणि शेजारचा खडखडाटही त्यांना सोसत नसे. परंतु १९११ सालीं त्यांनीं नाट्यगृहांतील संगीत घरबसल्या ऐकविणारी दूरध्वनीची तार घेतली आणि तिच्यावरून क्लोद देब्युसी यांची 'पेलेआस आणि मेलिसांद' ही संगीतिका ते तन्मयतेनें ऐकूं लागले. आवाजाला दार लावणाऱ्या माणसानें याच आवाजाला वाट कां द्यावी?

कान दुखावतो तो केवळ आवाजाच्या मोठेपणामुळें नव्हे. आवाज अवचित आदळला म्हणजे तो अधिक बोंचतो. या दृष्टीनें पियानो हें मोठें अवघड वाद्य. पट्टी दाबतांच नमद्याची हातोडी तारेवर आपटते. स्वराचा जन्मच आघातांतून होतो. पियानोला हातोड्या आहेत हेंच विसरलें जावें, असा देब्युसींचा आग्रह असे. उजवें पेडल दाबलें कीं सर्व तारा मोकळ्या होतात आणि एका स्वराबरोबर इतर ताराही झंकारूं लागतात. या झंकारांत आघाताची धार बुडून जाते. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनांत ऐकलेल्या जावा बेटांतील गामेलान वाद्यवृंदाचा रेंगाळता नादही त्यांच्या मनांत घर करून राहिला होता. समीक्षकांनीं चित्रकलेवरून या संगीताला 'इंप्रेशनिस्ट' म्हटलें. देब्युसींना तें नांव रुचलें नाहीं.

त्यांचीं चोवीस 'प्रेल्यूड' १९१० व १९१३ सालीं दोन भागांत प्रसिद्ध झालीं. त्यांतील 'हिमावरील पावलें' ही रचना अखेरपर्यंत मृदुच राहते. 'जलमग्न देवालय' या रचनेंत मात्र नाद प्रचंड होतो. पण तो धुक्यांतून वर यावा तसा पायरीपायरीनें चढतो, आणि ऐन शिखरावर 'स्वर घुमावा, कठोर होऊं नये' अशा अर्थाची सूचना आहे. शेवटची 'आतषबाजी' ही रचना मात्र एकाएकीं कडाडते. हळव्या कानाच्या श्रोत्यानें ती बेतानेंच ऐकावी.

नित्याचे आवाजही ज्यांना असह्य होतात, त्यांनीं सदैव निःशब्दतेंत राहावें असें आजचे वैद्यक सांगत नाहीं. कान फार झांकून ठेवल्यास तो अधिकच हळवा होऊं शकतो. म्हणून मंद, सुसह्य ध्वनीची संवय हळूहळू लावली जाते. देब्युसींचें संगीत हें कांहीं औषध नव्हे. परंतु दुखऱ्या कानालाही नाद हवा असतो, फक्त तो दार ठोठावून यावा लागतो, ही जाण त्यांत आहे.

२३ मार्च १९१८ रोजीं जर्मनांची लांब पल्ल्याची तोफ पॅरिसवर गोळे टाकूं लागली. दोनच दिवसांनीं, २५ मार्चला, कर्करोगानें खंगलेले देब्युसी निवर्तले. हातोडीचा आघातही श्रोत्याला जाणवूं नये म्हणून जपणाऱ्या त्या कलावंताच्या अखेरच्या घटका तोफेच्या धडाक्यांत गेल्या.