आकाश टॅबलेटवरील लिनक्स

केंद्र सरकारच्या ‘आकाश’ या स्वस्त टॅबलेटवर अँड्रॉइडच्या जागी लिनक्स चालवण्याचा मुंबईच्या आयआयटीतील प्रयोग. आकाश-२ चे अनावरण ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते दिल्लीत झाले. डेटाविंड कंपनीच्या या टॅबलेटसाठी सरकारने नगामागे २,२६३ रुपये मोजले. आत ऑलविनर ए१३ हा १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ५१२ मेगाबाइट रॅम. सी, पायथन, सायलॅब शिकायला हे पुरेसे होते.

अँड्रॉइडचा पायाही लिनक्स कर्नेलच असल्याने सोपा मार्ग असा, की कर्नेल तोच ठेवून लिनक्सची फाइलव्यवस्था त्यावर बसवायची. पण पूर्ण डेस्कटॉप हवा असेल तर ए१३ साठीचा कर्नेल स्वतः कंपाइल करणे ओघानेच येते. टॅबलेटवर हे काम रेंगाळते. म्हणून ते डेस्कटॉपवर एआरएम क्रॉस-कंपाइलरने करतात. परभणीतल्या एखाद्या महाविद्यालयातला साधा संगणकही त्याला चालतो. आधी ए१३ चे तयार कॉन्फिगरेशन घ्यायचे, नको ते ड्रायव्हर गाळायचे, मग कर्नेलची प्रतिमा आणि मॉड्यूल तयार करून लिनक्सच्या फाइलव्यवस्थेसह एसडी कार्डावर ठेवायची.

खरी गंमत बूट होण्यात आहे. वीज मिळताच चिपमधला कायमस्वरूपी कोड आतल्या मेमरीच्या आधी एसडी कार्ड तपासतो. कार्डाच्या आरंभापासून ८ किलोबाइटांवर त्याला छोटा बूटलोडर सापडला, तर तो रॅम जागी करून यू-बूट या मुख्य बूटलोडरला बोलावतो. यू-बूट कार्डाच्या पहिल्या विभागातून कर्नेल उचलतो आणि कर्नेल पुढे दुसऱ्या विभागातली फाइलव्यवस्था जोडून घेतो. त्यामुळे आतल्या अँड्रॉइडला हात लावावा लागत नाही. विद्यार्थ्यांच्या हाती द्यायच्या यंत्रात हा गुण फार मोलाचा: कर्नेल बिघडला तर कार्ड काढायचे, की झाले.

अडते ते बहुधा ‘स्क्रिप्ट.बिन’ या फाइलपाशी. पडदा, टचस्क्रीन, रॅम यांच्या जोडण्या तीत नोंदलेल्या असतात. दुसऱ्या टॅबलेटची फाइल घातली तर कर्नेल सुरू होऊनही पडदा काळाच राहतो, आणि नवशिका उगाच पुन्हा कंपाइल करत बसतो. म्हणून ती त्याच टॅबलेटच्या अँड्रॉइडमधून उतरवून घेणे उत्तम.

कर्नेल जीपीएल परवान्याखाली असल्याने त्याची प्रत देणाऱ्याने स्रोतही दिला पाहिजे. स्वस्त टॅबलेटच्या बाजारात हा नियम सर्रास धाब्यावर बसवला जाई. ए१३ चा कर्नेल बाहेरच्यांना वापरता येण्याजोगा झाला, तो मुख्यतः लिनक्स-सुनक्षी या स्वयंसेवकांच्या गटामुळे. या चिपमालिकेला मूळ लिनक्समध्ये प्रवेश मिळाला तो फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ आवृत्तीत, तिथे स्क्रिप्ट.बिनची जागा डिव्हाइस ट्री या हार्डवेअरच्या वर्णनाने घेतली. माली-४०० या तिच्या ग्राफिक्स भागाचा मुक्त ड्रायव्हर ‘लिमा’ मात्र २०१९ मध्ये, ५.२ आवृत्तीत आला. तोवर आकाश बाजारातून गेलेला होता.